मूळ पुरुष

पुतणीच्या दाखल्याला जुना कागद हवा होता,
म्हणून रजा टाकून कोल्हापुरात चार दिवस
दप्तरखान्यात बसले.
शिरगुप्पे मास्तर मोडी वाचतात
तांदूळ निवडावेत तशी,
एकेक अक्षर बोटाने बाजूला सारत.

लग्न सापडेना. लग्नाचा कागद कोण करतं?
सापडला तो पाट, कारण पाटावर पट्टी होती.
"चंद्रा कोम..." आणि इथे कसरीने नाव खाल्लेलं,
"मयत. हल्ली पाट लाविला
धोंडू वलद राणू कुंभार यासी.
पाटदाम सवा रुपया. पैकी जमा बारा आणे."
उरलेले आठ आणे पुढच्या सालीही येणे दिसतात,
त्याच्या पुढच्याही.

भोकातून खालचं पान दिसत होतं:
कुणा तेल्याची म्हैस, तिची किंमत.

घरी गंगावेशीत, दारामागे, प्लायवूडवर
काकांनी ऑइलपेंटने काढलेली वंशवेल आहे.
बुंध्यात धोंडू, वर सुभाना,
मग फांद्याच फांद्या, सगळे वडणगेकर.
बायकांना पानंही नाहीत.

तिसऱ्या दिवशी मृत्युपत्र निघालं.
"माझे पोटी संतान नाही.
चंद्रा हिचे कडेवर आला तो मुलगा सुभाना,
त्यास चाक, दांडा, आवा व गाढवे दोन.
भाऊबंदांनी हरकत करू नये.
तो माझे चिखलात वाढला."
खाली सही नाही. एक वाटोळं, मध्ये ठिपका.
"चाक," मास्तर म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

खापरपणजोबा हा शब्द आम्ही थट्टेनेच म्हणायचो,
कुंभाराच्या घरात खापराला काय तोटा.
आता तो जिभेवर नीट बसेना.
कडेवरचं पोर. किती महिन्यांचं?
चाकाजवळ पहिल्यांदा कुणी बसवलं?

भावाचा फोन आला, "घावलं काय गं?"
"घावलं," म्हटलं. "कुंभार हा शब्द स्वच्छ आहे,
दाखल्याला तेवढं पुरे."
बाकीचं फोनवर सांगता येईना.

अर्जात एक रकाना होता: मूळ पुरुषाचे नाव.
तिथे मी धोंडू लिहिलं,
अलीकडे, जागा नसताना, चंद्रा,
आणि त्याच्याही अलीकडे
पेनाचं टोक थोडा वेळ नुसतं टेकवून ठेवलं.

नकलेची फी भरली. कारकुनाकडे सुट्टे नव्हते.
"राहू द्या," मी म्हटलं,
"तुमचंच आमच्याकडे जुनं येणं आहे."