पाकीट क्रमांक सतरा

मागून कुणीतरी लाथ मारली,
सगळे असंच सांगतात. बालराज गड्डमही तेच म्हणाला.
विडी घरकुलातलं व्हॉलीबॉलचं मैदान, रविवारची संध्याकाळ,
तो शिवी तोंडात घेऊन मागे वळला
आणि मागे कुणीच नव्हतं.
नेटपलीकडच्या पोरांनीही आवाज ऐकला होता,
बीमवरचा दोर तुटावा तसा.

मी त्याला पालथं झोपवलं, पोटरी दाबली.
उजवं पाऊल हललं. डावं नाही.
पुन्हा दाबली. डावं टेबलाच्या कडेवरून
दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं लोंबत राहिलं.
"धोंडशीर गेली," बाहेरच्या बाकावरून त्याची सासू म्हणाली.
मी फॉर्मवर चार ओळींत तेच लिहिलं.

पाकिटं पुण्याहून आलेली, चिकटवून, क्रमांक घालून.
आत काय आहे मला माहीत नाही,
डॉक्टर हत्तुरेंनाही माहीत नाही,
हे समजावताना अर्धा तास गेला.
"म्हणजे चिठ्ठी टाकायची."
होय, चिठ्ठीच.
"मग डॉक्टर कशाला?"
सतरा नंबर फोडलं. विनाशस्त्रक्रिया.

"गाठ नाही मारणार?"
चोवीस वर्षं यंत्रमागावर. दिवसाला किती तारा तुटतात,
किती त्याच्या अंगठ्याखाली सांधल्या जातात,
याचा हिशेब मालकाकडेही नाही.
पण आपोआप जुळलेली तार
त्यानं अजून पाहिली नव्हती.
मी दोन बोटं समोरासमोर धरली :
पाऊल खाली झुकवून ठेवायचं, टोकं जवळ येतात,
मधे रक्त साकळतं, त्यातनं हळूहळू तंतू धरतो.
तो माझ्या बोटांकडे बघत राहिला.
"ताणा ढिला सोडायचा," म्हणाला. "असं सांगा की."

गुडघ्याखालपर्यंत बूट, टाचेखाली तीन पाचरी,
पंधरवड्याला एक काढायची.
एप्रिलात बूट उघडला की मी आधी श्वास धरायची.
पाऊल पांढरं, सुरकुतलेलं,
रात्रभर पाण्यात राहिलेल्या शेंगेसारखं.
पोटरी किती सेंटिमीटरनं आटली ते टेपनं मोजलं,
मोठ्यानं वाचलं नाही.

सोळावा आठवडा. एका पायावर, भिंतीला दोन बोटं,
मेट्रोनोमच्या टिकटिकीवर टाच वर, टाच खाली.
दोन. दोनच.
तिसऱ्याला टाचेखालून कागदही सरकला नसता.
तो हसला. मी नाही.

सव्विसाव्या आठवड्याला तो आला नाही.
बसचं भाडं आम्ही देतो,
खाड्याचे पैसे प्रोटोकॉलमध्ये नाहीत.
नियम असा : तीन फोन, एक पत्र,
मग रकान्यात 'संपर्क तुटला'.

मी गेले. हे नियमात नव्हतं.
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये तीन माग चालू, चौथा बंद,
कापूस भुवयांवर बसलेला, बोललेलं ऐकू येत नाही.
त्याला मी दिसले नाही.
वर जेकार्डात अडकलेला दोरा सोडवत होता,
उजवा पाय मागाच्या पट्टीवर, भार सगळा डाव्यावर,
टाच वर, दोरा निसटला, टाच खाली, पुन्हा वर.
मी मोजू लागले. सवय.
सत्तावीसला शेजारच्या मागावर तार तुटली,
तो तिकडे वळला,
थुंकी लावून गाठ मारली.

यातलं काहीच धरता येत नाही.
उतरती फळी नव्हती, टिकटिक नव्हती,
मोजणारीला गट ठाऊक होता.
पुण्याच्या संख्याशास्त्रज्ञांनी रिकामी जागा अंदाजानं भरली.
पद्धत मान्य आहे, तक्ता चारखाली तळटीप आहे.
सतरा क्रमांकाच्या माणसाला त्यांनी दिले
एकोणीस पूर्णांक चार.

तो पूर्णांकानंतरचा चार
म्हणजे टाच नेमकी किती वर,
ते मी अजून कधीतरी
जिन्याच्या पायरीवर उभं राहून करून बघते.