पेटी क्रमांक एकोणचाळीस

मकरपुऱ्याच्या कोअर शेडमध्ये, पत्र्याखाली मे महिना.
झाकण उघडते. आत दगडाचा दंडगोल,
काळपट, जुन्या वहीसारखा पापुद्रे सुटलेला.
जंबुसरकडची विहीर, दोन हजार सहाशे दहा मीटर:
आकडे घोरपडेसाहेबांच्या हातचे,
त्यांच्या सहाचं पोट असंच सुटलेलं असे.

हा चिखल होता.
वर समुद्राचा एक उथळ हात,
त्यात डोळ्यांना न दिसणारी शेवाळं
ऊन खाऊन जगायची,
मेली की रेंगाळत तळाला यायची.
तळाशी प्राणवायू नव्हता,
म्हणून ती धड कुजली नाहीत.
एवढंच.
कोयलीची चिमणी, माझा पगार, दारातली स्कूटर,
सगळं त्या एका अर्धवट राहिलेल्या कुजण्यावर.

मग गाळ. गाळावर गाळ.
रमणिकभाई नव्या पोरांना सांगतात,
"खिचडी छे, बेटा. आच मंद जोईए.
कमी पडली तर कच्ची, जास्त झाली तर नुसती वाफ."
वाफ म्हणजे गॅस, पोरं लिहून घेतात.
शिट्ट्या किती, ते कुणी विचारत नाही.

दांडिया बाजारातली नणंद विचारते,
"खाली तळं असतं ना गं तेलाचं?"
नाही वन्सं. दगडच असतो.
वाळूच्या कणाकणांत घाम धरलेला,
आणि वर घट्ट मातीचं झाकण, नाहीतर निसटलाच.
दिवा मालवून जांभळा प्रकाश टाकला
की कोपऱ्यातला वालुकाश्म पिवळा उजळतो,
गार भातावरच्या तुपासारखा.
हे मात्र तिला दाखवायचं राहिलं.

तेल जन्मल्या जागी राहत नाही.
चिरेतून, फटीतून, पाण्यापेक्षा हलकं म्हणून
वर, तिरकं, कुठे जायचं ते ठाऊक नसताना.
सगळ्यात खालच्या पेटीत काळा कातळ आहे.
इथे ड्रिलचे दात बोथट होतात.
बसाल्ट. सह्याद्रीचाच, गुजरातभर खाली पसरलेला;
आमचे लोक घोड्यांवरून इथे आले
त्याच्या साडेसहा कोटी वर्षं आधीच येऊन बसलेला.
आणि पाद्र्याकडे तर
या कातळाच्या भेगांतसुद्धा
तेल येऊन राहिलंय,
भाड्याने म्हणता म्हणता कायमचं.

साडेपाच. झाकण लावते.
हाताचा वास साबणाने जात नाही,
पोळ्या लाटताना सासूबाई नाक मुरडतील.
चाळीस नंबरची पेटी जागेवर नाही.
उद्या रमणिकभाईंना विचारायला हवं.