कन्ना चौकातला सोडा

श्रीलता गुजरातेतून फोन करते, रात्रपाळी संपल्यावर.
म्हणते, नान्ना, इथलं तेल वर येईना,
काकवीसारखं खडकाला धरून बसलंय.
मग आम्ही तुमचाच गॅस खाली सोडतो.

माझाच?
हाच की, गोळी बाटलीच्या गळ्याशी दाबून धरणारा.
तेलात मुरतो, तेल फुगतं,
सैल होतं, चालायला लागतं.
विहिरीचं तोंड काही आठवडे बंद ठेवायचं. मग उघडायचं.

मी रिकामी बाटली उलटी धरून ऐकायलोय.
चाळीस वर्षं हा गॅस पाण्यात कोंबला.
गिऱ्हाइकानं अंगठा मारला की
ठॉक,
आणि गेला चौकातल्या उन्हात.
एक ढेकर, दहा रुपये.

विचारलं, किलोला काय पडतो तुम्हाला?
हसली. टनात बोलतो आम्ही, नान्ना.
आणि परत वर येतो का?
थोडा येतो, त्याला दाबून पुन्हा खाली.
बाकीचा तिथंच राहतो.

तिथंच.

फोन ठेवला, हिशेबाची वही काढली, लिहिलं काहीच नाही.
सोलापूरच्या काळ्या कातळाखाली तेलबिल नाही, माहिताय मला,
तरी चप्पल काढून
फरशीवर पाय टेकून बसलो जरा वेळ.
क्रेटमध्ये एक भरलेली बाटली उरली होती.
ती फोडली नाही.