मुद्देमाल

मंगळवार, दुपारचे सव्वातीन.
सांगली, गणपती पेठेमागचा बोळ,
'न्यू चांदणी लेडीज कॉर्नर'.
मालकीण सुशीला कोष्टी, वय त्रेपन्न,
गल्ल्याशेजारी अर्धा खाल्लेला डबा.
पंच एक : इलाही मुल्ला, घड्याळं दुरुस्त करतात.
पंच दोन : बाबू ऐवळे, हळदीच्या अड्ड्यावर हमाल.
सही करताना त्यांचं बोट टेकलं
आणि शासनाच्या कागदाला पिवळा डाग पडला.
राहू दिला.

मिळून आलेला माल :
ट्यूबा सेहेचाळीस, डब्या एकोणीस.
डबीवर चंद्रकोर, न वाचता येणारी लिपी,
उत्पादकाचा पत्ता नाही, परवाना नाही.
आत पारा आहे
हे कोण कशाला छापील?

ते मिरजेहून कळलं.
तिथल्या एका डॉक्टरांचं पत्र, चार ओळींचं :
मुलगी बावीस वर्षांची. पाय सुजून आली.
लघवीतून प्रथिनं जातायत.
चेहरा मात्र नितळ.

सुशीलाबाई म्हणाल्या,
"मॅडम, मी काय कुणाच्या तोंडाला बळंच फासती व्हय?
मागत्यात म्हणून ठेवती.
काळं करायचं मागितलं असतं तर तेबी ठेवलं असतं."
बाबू हसले.
मलाही हसू आलं, ते पंचनाम्यात नाही.

तेवढ्यात ती आली.
पाठीला सॅक, बोटात स्कूटीची किल्ली.
"काकू, एक चांदवाली."
मग लाखेची कांडी दिसली तिला, मेणबत्ती दिसली, मी दिसले.

मी मिरज सांगितलं. सूज सांगितली.
मूत्रपिंड म्हणजे काय, तेही.
ती म्हणाली,
"बघायला येतात तेव्हा मूत्रपिंड दिसत नाही हो मॅडम."

आणि मग एका दमात :
तोंड माझं. पैसे माझे,
पाचवीच्या पोरांच्या शिकवण्या घेऊन मिळवलेले.
सिगारेटच्या पाकिटावर नुसतं चित्र छापता,
टपरीला कुठं सील लावता?

उत्तर होतं माझ्याकडं. कलमासकट होतं.
डबीत काय आहे ते ठाऊक असेल
तरच त्याला निवड म्हणायचं, वगैरे.
तिनं शांतपणे ऐकून घेतलं.
"आणि ठाऊक असूनही पाहिजे असेल तर?"

तिचं नाव विचारलं नाही.
पंचनाम्यात गिऱ्हाइकाला रकाना नसतो.

कवठेमहांकाळला, आमच्या घरी,
आत्या माझी हनुवटी बल्बखाली धरून म्हणायची,
काळी असली तरी नाकीडोळी नीटस.
प्रेमानंच म्हणायची.
मसुराचं पीठ, साय, संत्र्याची वाळली साल,
सगळं आम्ही त्या एका 'तरी'वर चोळून पाहिलं.
चौदाव्या वर्षी माझ्या कंपासपेटीत एक पुडी होती,
कर्कटकाच्या टोकानं फोडलेली.
तिच्यावर परवाना होता, बॅच नंबर होता,
आत पारा नव्हता,
सगळं अगदी कायदेशीर होतं.

लाख वितळली. शिक्का उठला.
माल जप्त, प्रत दिली, सही घेतली.
ती पायरीवरच होती अजून.
इलाहीचाचांना हळूच विचारत होती,
मारुती रोडला कुठं मिळेल का.
चाचा भिंगातून वर बघेनात.
बाबूंनी हात पुसले पॅन्टीला, पॅन्ट पिवळी झाली.

मी थांबवलं नाही तिला.
काय म्हणून थांबवणार होते?
दुसऱ्या दुकानावर धाड घालायचं मात्र
तिथल्या तिथं डायरीत लिहिलं.

नमुना काढताना
उजव्या तर्जनीला थोडं क्रीम लागलं होतं.
ऑफिसात येऊन साबणानं धुतलं. दोनदा.
मग दार लोटून, ट्यूबलाइटखाली,
ते बोट शेजारच्या बोटाला लावून
बराच वेळ पाहत राहिले.