मासळी वर्ज्य

गढीच्या कोठीत आईच्या नावाची एकच नोंद.
"आवडू, दाई. नेमणूक येणेप्रमाणे:"
तूप पाच शेर, खारीक, डिंक, अळीव,
शतावरी वैद्याकडून,
लुगडी दोन, चोळीखण चार.
आणि शेवटी, जाड बोरूनं,
मासळी वर्ज्य.

आचऱ्याच्या खाडीवरची बाई.
गढीच्या झरोक्यातून तिला रापण दिसायची,
दोराला लागलेली माणसं, त्यांत माझा बाप,
ओला बांगडा, त्यावरून भांडण, कावळे.
पुढ्यात तुपातला मऊ भात.
दोन वर्षं चार महिने.
धाकट्या सरकारांच्या दुधाला वास येता नये.

मी तेव्हा तीन महिन्यांची.
लोक म्हणतात, मूल अजून अंगावर आहे.
मी कुणाच्या अंगावर नव्हते.
एक बकरी होती, पेजेची निवळ होती,
आणि आत्येची करंगळी, मधात बुडवलेली,
मध संपला की नुसतीच.

दूध तुटलं तरी तिला सोडली नाही,
पोर तिच्याशिवाय झोपेना.
मासळीला मोकळीक मिळाली.
पहिल्याच घासाला ती उलटली, म्हणे.
शिमग्याला एकदा घरी आली
तेव्हा मी बकरीमागं लपले.
तिनं ओढून काढलं नाही.
ओटीवर बसून राहिली, भरती वळेपर्यंत,
मग होडीत बसली.

अक्षरं तिला त्या पोरानं दिली.
पंतोजी गेले की धुळपाटी घेऊन यायचा,
तिचं बोट धरायचा, ग, म, भ, न,
चुकली तर हातावर चापट.
म्हणून तिचं वळण जन्मभर
पाच वर्षांच्या मुलाचं राहिलं,
मोठा ग, कलता भ, ओळ उतरत जाणारी.
कोठीतले रद्दी हिशेब ती मागून घ्यायची.
चुलीला, असं सांगायची.

हे मला त्यांनीच सांगितलं,
आईचे दिवस झाल्यावर बोलावून घेतलं तेव्हा.
केस पिकलेले. पुढ्यात कागदांची चळत.
"मला कुठं वाचता येतंय," मी म्हटलं.
मग सरकारांनी वाचलं, थांबत थांबत,
जसं कुणी लहानपणीचं आपलंच अक्षर वाचावं.

"कुणाचंही मूल रडो,
चोळी आधी भिजते, मग मला ऐकू येतं."

"उधाणाला कुणी विचारत नाही
कोणत्या काठासाठी आलास."

"याचं तोंड पुसते.
तिचं तोंड कसं होतं?
पलीकडं कुणीतरी दिवा धरा."

आणखी होत्या. एका ओळीवर तुपाचा डाग,
तिथं ते अडकले. कागद उजेडाला धरला,
उलटा केला. मागल्या अंगाला खारकांचा भाव.
"लागत नाही," म्हणाले,
आणि बराच वेळ तो डागच बघत राहिले.

मग म्हणाले, "ताई, आपण एका दुधाची."
मी म्हटलं, "नाय सरकार.
तुमी दुधाचे. मी पेजेची."
बोलून गेले, आणि जीभ चावली.
ते रागावले नाहीत. उठून
स्वतःच्या हातानं कागद फडक्यात बांधले,
गाठ बसेना, दोनदा सुटली.
आईनं कधी गाठ मारायला शिकवलं नसेल,
तिथं बांधायला माणसं असतात.

तरीवाल्यानं विचारलं, काय गो गठल्यात?
"हिशेब," मी म्हटलं.

घरात कोरडी जागा एकच, चुलीवरची फळी.
तिथं सुक्या बांगड्याचं मडकं असतं.
गठलं मी त्याला टेकवून ठेवलंय.
पावसाळाभर तसंच होतं.
परवा उतरवून हुंगलं,
कागदांना आता वास येतो.