मात्रा

डॉक्टर हत्तुऱ्यांच्या दवाखान्यात
माझं काम कात्रीचं.
ते सांगत, मी ढवळत असे,
बाटली भरली की कागदाची पट्टी कापायची,
कडेला दात पाडायचे,
खळ लावून बाटलीच्या पाठीवर चिकटवायची.
एक दात, एक मात्रा.
खळ आमच्याच घरची, मागाच्या सुताला लावतात ती.
मी साळ्याचा पोर, नरसय्या.

मुंबईहून शिकून आले तेव्हा
घोडा नव्हता, छत्री होती.
गड्ड्याच्या जत्रेत पोरं धरून देवी टोचत;
आईशी कानडीत भांडत, आजीशी तेलुगूत,
बापाशी मराठीत.
तिन्ही भाषांतल्या शिव्या त्यांनी तिथंच गोळा केल्या,
आणि वेळेला वापरल्याही.

मग त्या उन्हाळ्यात पटकी आली.
रंगाऱ्यांच्या बोळातून एका दिवशी चार, दुसऱ्या दिवशी नऊ.
डॉक्टर विहिरीत वाकून बघत राहिले,
पाण्यावर निळीचा तवंग,
काठाला धुणी, भांडी, आणि परवा गेलेल्याची वाकळ.
म्हणाले, नरसय्या,
हे बाटलीतून जाणारं नाही.

म्हणून ते कमिटीत गेले.
काळा कोट, खिशातून डोकावणारी नळी,
भिंतीशी मी, छत्री धरून.
विहीर बुजवा, म्हणाले, तळ्यावरून नळ आणा.
खर्चाचा आकडा सांगितला
तेव्हा पंखा ओढणारासुद्धा थांबला.
विरुद्ध कोण, साहेबानं विचारलं.

हात वर झाले.
एकेक हात माझ्या ओळखीचा.
हा मूळव्याधीचा, दोन वर्षं उधारी.
हा रात्री दोनला दार ठोठावणारा.
त्या जाड मनगटावर डॉक्टरांची तीन बोटं
सोमवारीच टेकली होती.
ठराव तीन मतांनी पडला.
साऱ्या पेठांत ज्यांची मात्रा चाले
त्यांची तिथं चालली नाही.

परतताना ते फार बोलले नाहीत.
किल्ल्याच्या खंदकाशी थांबले एवढंच.
"चन्नप्पाच्या हाताला कंप आहे.
वर धरवत नव्हता त्याला.
उद्या बोलव."

त्याच रात्री आम्ही दोघांनी
विहिरीचा रहाट मोडला. चोरीच ती.
दोर दवाखान्यात आणला,
पुढं त्यावर धुतलेल्या पट्ट्या वाळत.
सकाळी यल्लव्वा दारात उभी,
बोटं मोडत, सात पिढ्यांचा उद्धार करत:
पाण्याला लांब जायचं, कंबर तुझी मोडत नाही रे, माझी मोडते.
डॉक्टर म्हणाले, खरं आहे.
आठव्या दिवशी तीच मागच्या दारानं आली, नातू खांद्यावर.
त्यांनी शिव्यांबद्दल काही विचारलं नाही,
पाणी कुठलं पाजलंस, तेवढंच विचारलं.

पुढच्या निवडणुकीत पडले.
त्यापुढच्या निवडणुकीत, कसे कोण जाणे, निवडून आले.
नळाचं भाषण लिहायला घेतलं:
एकोणीस पानं, पाठपोट,
अक्षर असं की वाचणारा जगात मी एकटा.
सभा पौषात ठरली.
मार्गशीर्षातच ते गेले,
दुसऱ्याचा ताप अंगावर घेऊन.
नंदीध्वज त्या साली बोळाशी आले तेव्हा
मी दवाखान्याचं दार उघडं ठेवलं,
का ते मला सांगता येणार नाही.

नवा डॉक्टर येईपर्यंत
वहीतली जुनी औषधं मीच देत होतो.
कागद संपला.
कमिटीला ते भाषण नको होतं,
मी दोनदा नेऊन परत आणलं.
शेवटी कात्री घेतली.
एकोणीस पानांच्या पट्ट्या केल्या, दात पाडले,
खळ लावली, आणि भाषण पेठापेठांतून
घरोघर गेलं,
दिवसातून तीन वेळा, हलवून.

यल्लव्वाच्या बाटलीवर
'पाणी' एवढाच शब्द आला होता,
तोही अर्धा कापलेला.
तिला वाचता येत नव्हतं.
अंगठ्यानं दात मोजत
तिनं मात्रा घेतली.