पोटखराब

दगड भाजून दिव्याचं तेल काढायचे इथे.
तेल गेलं दूरच्या कंदिलांत,
चोथा उरला वेस्ट लोदियनमध्ये,
गावापेक्षा उंच, भाजल्या विटेच्या रंगाचा.
आमच्या तलाठ्यानं एका शब्दात निकाल लावला असता:
पोटखराब.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी मी आणि टॅम गॅलोवे
वर चढतो. त्याचे आजोबा याच वाटेनं
गाडे आणून रिकामे करायचे.
आमच्याकडे लाकडी चौकट, मीटर बाय मीटर.
ठरल्या जागी ठेवायची, गुडघे टेकायचे,
आत जे जिवंत दिसेल ते मोजायचं.

पहिल्या वर्षी: दोन.
नखाएवढं शेवाळ,
आणि दगडफूल, गोडा मसाल्यातल्याच्या
लांबच्या नात्यातलं, करडं, निमूट.
टॅम म्हणाला, "दोन म्हणजे पुष्कळ.
यांना कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं."

मग शेवाळात धूळ अडकली,
धुळीत वाऱ्यावरचं बी.
ते उगवलं, वाळलं, चिमूटभर माती झालं.
चिमटीत दुसरं.

सातव्या वर्षी सव्वीस!
क्लोव्हर, त्यावर लाल बुडाचा भुंगा,
जांभळ्या ऑर्किडचे सहा तुरे.
चंडोलाचं घरटं चौकटीपासून हातभर लांब,
म्हणून धरलं नाही;
टॅमनं ते समासात लिहिलंच.
आणि बर्चचं एक रोप, करंगळीएवढं.
त्याच्यासाठी आम्ही टाळ्या वाजवल्या.

पंधराव्या वर्षी: अकरा.
पुन्हा मोजलं. अकरा.
बर्च टॅमच्या डोक्यावर गेलेला,
खाली गारवा, कुजका पाला, एक भूछत्र.
ऑर्किड नाही.
दगडफूल मातीखाली गेलं,
ज्या मातीची पहिली चिमूट
त्यानंच धरून ठेवली होती.

कौन्सिलचं पत्र खिशात होतं: झाडं विरळ करा.
टॅमनं करवत आणली होती, पण
बूट सोडून पुन्हा बांधत बसला बराच वेळ.
"रानाला रान व्हायचंय," म्हणाला,
"आणि आपल्याला हवाय त्याचा सातव्या वर्षाचा फोटो."
मी खोड धरलं. त्यानं कापलं.
आठ वलयं. पांढरी साल माझ्या हाताला सुटून आली.

शेजारचा बर्च ठेवला. का, ते विचारू नका,
वहीत त्याला रकाना नाही.

चौकटीत ऊन पडलं, आयताकृती, परक्यासारखं.
ओल्या भुशावरून एक मुंगी निघाली,
थांबली, वळली, पुन्हा निघाली.
टॅमनं माझ्या हातातली पेन्सिल घेतली.
"बारा," म्हणाला.